सुतारकामासाठी टूल ट्रेलर : नाशिकमधल्या प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५ : आधी वजन

ट्रेलर घ्यायचा की नाही हे नंतर बघू, आधी हत्यारांचं वजन तरी कळू दे म्हणून आज सगळा माल काट्यावर घातला.

आम्ही चार जण आणि एक बोलेरो पिकअप. कामं बहुतेक गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या पट्ट्यातल्या फ्लॅटची. जुनं फर्निचर काढायचं, किचन ट्रॉली, वॉर्डरोब, दरवाजे नवे बसवायचे. अधूनमधून पंचवटीत किंवा जुन्या नाशकात एखाद्या वाड्याची सागवानी दुरुस्ती, कधी गिरणाऱ्याकडे फार्महाऊस. हत्यारं पिकअपच्या हौद्यात ताडपत्रीखाली असतात. प्लाय आणायला गाडी लागली की सगळं उतरवा, गाडी परत आली की चढवा. कामाचा ताजा वेळ त्यात जातो, आणि ऐन वेळी राउटरचा बिट नाहीतर गुण्या मागे राहिलेला असतो.

भंगारवाल्याकडून डिजिटल काटा दिवसभरासाठी आणला. टेबल सॉ स्टँडसकट ४३ किलो, मायटर सॉ २२, छोटा कॉम्प्रेसर २६, जनरेटर ४६, व्हॅक्यूम १२. ड्रिल, ट्रीमर, राउटर, जिगसॉ, पिन गन आपापल्या पेट्यांसकट ४८. रंधे, पटाश्या, करवती, क्लॅम्प मिळून ५५. आणि स्क्रू, बिजागऱ्या, टेलिस्कोपिक चॅनेल, हँडलं यांचे डबे तब्बल ११८ किलो! एकूण ३७०.

मशिनं जड असतील असं सगळ्यांनाच वाटत होतं. निघालं उलटं. हार्डवेअर सगळ्यात जड, आणि त्यातला निम्मा माल चालू कामाचा नव्हताच, मागच्या कामांतून उरलेला होता. ट्रेलर बघायला निघण्याआधी प्रत्येकानं हे एकदा करावं. किती मोठा ट्रेलर हवा याचं उत्तर बरंचसं इथेच मिळतं.

१५ फेब्रुवारी : तीन पर्याय

बंद बॉडीचा जुना छोटा हत्ती, पिकअपलाच कंटेनर बॉडी, किंवा मागे जोडायचा ट्रेलर.

छोटा हत्ती मनापासून आवडला होता. टाटा एस २००५ साली बाजारात आली तेव्हापासून गल्लीबोळाची गाडी म्हणून तिचा लौकिक आहे, आणि रविवार कारंजा, भद्रकालीच्या बाजूला ती जिथे वळते तिथे पिकअपला घाम फुटतो. पण ती घेतली की दुसरं इंजिन आलं, दुसरा विमा, दुसरं फिटनेस आणि चालवायला एक माणूस आला. चारातला एक माणूस स्टिअरिंगवर बसवणं आम्हाला परवडत नाही. बऱ्या अवस्थेतली बंद बॉडीची गाडी आम्हाला तीन ते साडेतीन लाखांत सांगितली.

कंटेनर बॉडीचा विचार लगेच सोडला. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि मंजुरी घेऊन केली तरी मूळ अडचण तशीच राहते. हत्यारं आणि गाडी एकमेकांना बांधलेलीच.

ट्रेलरचा खरा फायदा एकच: तो सोडता येतो. साइटवर उभा करायचा, कपलर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जोड) काढायचा, गाडी प्लाय आणायला मोकळी. हा फायदा रोजच्या रोज वापरता येणार असेल तरच ट्रेलर घ्यावा. आमचं एक काम महिना-दीड महिना चालतं म्हणून आम्हाला तो बसतो. ज्याची कामं दोन-दोन तासांची, आज सिडकोत तर उद्या नाशिक रोडला, त्यानं या भानगडीत पडू नये. त्याला इको कार्गो किंवा छोटा हत्तीच बरा. दिवसातून चारदा जोडणं, रिव्हर्स घेणं, जागा शोधणं यात तो वैतागेल.

२ मार्च : गेट मोजले

चालू आणि ठरलेल्या कामांच्या सोसायट्यांत टेप घेऊन गेलो. रुंदीची अडचण कुठेच आली नाही. अडचण उंचीची. पोडियम पार्किंगच्या तोंडाशी बीमखाली जागा २.१ मीटरच्या आसपास, आणि तिथेच आडवी गेलेली ड्रेनेजची पाइप अजून खाली. बाहेर रस्त्यावर ट्रेलर रात्रभर ठेवायला कुणी देत नाही, आणि आपणही ठेवू नये.

इथे एक मोठा निर्णय आपोआप झाला. परदेशी व्हिडिओंत दिसतात तसे आत उभं राहून काम करायचे ट्रेलर आमच्या डोक्यात होते. आत माणूस उभा राहायचा तर आतली उंची सव्वासहा फूट धरा, फरशी जमिनीपासून पावणेदोन फुटांवर, म्हणजे बाहेरून आठ फूट. असा ट्रेलर आमच्या बहुतेक सोसायट्यांत शिरणारच नाही. म्हणून ट्रेलर बुटका करायचा. आत जायचं नाही, दोन्ही बाजूंना वर उघडणारे फ्लॅप, बाहेर उभं राहूनच सगळं हाताला आलं पाहिजे.

दुसरा निर्णय प्लायचा. आठ बाय चारची शीट आत आडवी बसली पाहिजे हा हट्ट धरला की रुंदी चार फुटांच्या वर जाते आणि फरशी पूर्ण मोकळी ठेवावी लागते, मग हत्यारांना जागा कुठे? शिवाय १८ मिमी प्लायची एक शीट ३२ ते ३७ किलोची, एमडीएफची चाळिशीला टेकते. दहा शीट म्हणजे आमच्या सगळ्या हत्यारांइतकं वजन. प्लाय पिकअपमधून किंवा प्लायवाल्याच्या टेम्पोतून येणार. ट्रेलर फक्त हत्यारांचा. यावर आमच्यात बराच वाद झाला. आप्पा मिस्त्रींचं म्हणणं, "एवढा खर्च करायचा आणि प्लाय नाही न्यायचा, मग उपयोग काय भाऊ?" उपयोग हाच की गाडी मोकळी राहते.

८ मार्च : जुना ट्रेलर पाहिला, सोडला

अंबडला एका शेडमध्ये जुना ट्रेलर विकायला होता, ४५ हजारांत. लोखंड उत्तम, वेल्डिंग पक्कं. जोड मात्र ट्रॅक्टर-ट्रॉलीसारखा: पुढे जाड रिंग, तिच्यात पिन. शेतात, ताशी पंधरा-वीसच्या वेगाला हा जोड चालतो. पिन आणि रिंग यांच्यात बोटभर फट असते. पिकअपला जोडून रस्त्यावर फिरवला तर प्रत्येक ब्रेकला मागून धक्का आणि प्रत्येक गिअरला झटका. आतल्या राउटरचं आणि सॉच्या फेन्सचं सेटिंग अशा धक्क्यांत टिकत नाही.

सोडला तो मात्र कागदांसाठी. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणजे त्याची नोंदणी लागते. नव्या वाहनाच्या नोंदणीला फॉर्म २० चा अर्ज, विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि बनवणाऱ्याचा फॉर्म २२. इथे यातलं काहीच नव्हतं. "शेतीचा म्हणून चालवा, कोण विचारतंय," असं उत्तर आलं. अपघात झाला तर विमा कंपनी नक्की विचारेल. समोरच्या माणसाला काही झालं तर आयुष्यभर फेडत बसावं लागेल. स्वस्तात मिळतोय म्हणून बिनकागदाचा ट्रेलर कुणीही घेऊ नये, हे मी इथे ठामपणे लिहून ठेवतो.

२१ मार्च : ऑर्डर

परवा रंगपंचमी. जुन्या नाशकात राहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) खेळल्या गेल्या, शेडवाले कामगार सुट्टीवर, त्यामुळे बोलणं आजवर लांबलं. कागद देणारा आणि स्वतःच्या नावाची प्लेट लावून ट्रेलर बनवणारा माणूस मिळाला. भाव १ लाख ३८ हजार, ओव्हररन ब्रेकसकट.

माप ठरलं: आठ फूट लांब, साडेचार रुंद, बॉडीची उंची साडेचार, जमिनीपासून एकूण सहा फूट चार इंच. एकच अ‍ॅक्सल, पानपाट्यांचे स्प्रिंग. पिकअपला जो टायर तोच ट्रेलरला घेतला, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना चालेल. त्यासाठी बनवणाऱ्यानं हब बदलून दिला. हे आधीच सांगावं लागतं, नंतर होत नाही.

वजनाची मर्यादा आम्ही स्वतः घातली. भरलेला ट्रेलर ७५० किलोच्या आत. आपल्याकडच्या वर्गवारीत ट्रेलरचा सर्वांत हलका गट तिथवर आहे, आणि आमच्या पिकअपच्या मागे त्याहून जड काही ओढायची माझी तयारी नाही. गाडीच्या पुस्तकात ओढण्याच्या वजनाबद्दल नीट उल्लेख नसेल तर कंपनीला लेखी विचारावं, गॅरेजवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. कपलरवर येणारा भार पिकअपच्या स्वतःच्या वजनमर्यादेतही धरायचा असतो, ते पुष्कळ जण विसरतात.

मर्यादा घातल्यावर किलोकिलोचा हिशेब लागला. फरशीला बनवणारा ३ मिमी चेकर प्लेट घालणार होता. चौरस मीटरला साधारण २५ किलो, फरशी ३.३ चौरस मीटर, म्हणजे ८४ किलो. तीच १८ मिमी मरीन प्लायची केली तर ३९. एका निर्णयात ४५ किलो वाचले. बाजूंना एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेलं पॅनेल) घ्यावा का? चार मिमी एसीपी चौरस मीटरला साडेपाच किलो, १.२ मिमी पत्रा साडेनऊ. हलका, दिसायला छान. पण एसीपी धारदार कटरनं कापता येतो आणि आत लाखाच्या वरची हत्यारं. पत्राच घेतला.

ओव्हररन ब्रेकबद्दल दोन शब्द. गाडीनं ब्रेक मारला की ट्रेलर पुढे ढकलतो, तो दाब कपलरच्या दांड्यातून मागे जातो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लावतो. विजेची वायर नाही, हवा नाही. जास्तीचे १९ हजार पडले. इगतपुरीकडची कामं आम्ही घेतो, उतारावर सातशे किलो मागून रेटत असताना नुसत्या पिकअपच्या ब्रेकवर मी भिस्त ठेवणार नाही.

३० एप्रिल : ट्रेलर आला, कपलर बसेना

अक्षय्य तृतीयेला ताबा. आरटीओची तपासणी होऊन एमएच १५ चा नंबर मिळाला. ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूवर, आणि मागच्या बाजूला ओढणाऱ्या गाडीचा नंबर. कलम ६१ तसं सांगतं. नंबर प्लेट करणाऱ्याला हे माहीत नसतं, लिहून न्या. प्रतिबिंबित पट्ट्या पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल.

आता अडलं ते. पिकअपला हिच (ट्रेलर जोडायचा मागचा सांगाडा) आम्ही वेगळीकडे बसवला होता, १४,५०० रुपये, थेट चासीला बोल्ट केलेला. त्यावरचा बॉल दोन इंची, म्हणजे ५०.८ मिमी. ट्रेलरचा कपलर ५० मिमीचा. फरक पाऊण मिलिमीटरचा. कपलर बॉलवर बसला, पण कडी शेवटपर्यंत लागेना. बनवणाऱ्याचा पोरगा हातोडी घेऊन आला तेव्हा त्याला थांबवलं. जोर करून लावलेली कडी खड्ड्यात निघते. उलटा प्रकार, म्हणजे ५० चा बॉल आणि दोन इंची कपलर, बसतो सहज पण खडखडतो आणि झिजतो. बॉल बदलून आणला. दोन्ही वस्तूंवर माप कोरलेलं असतं, पैसे देण्याआधी ते वाचावं.

दिव्यांचाही घोळ झाला. इंडिकेटर दिला की टेललाइट मिणमिणे. सात पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थची वायर जोडलेलीच नव्हती, करंट परत जायला कपलर आणि बॉल हाच रस्ता. बॉलला ग्रीस, त्यामुळे जोड कच्चा. अर्थची स्वतंत्र वायर ओढली, दिवे स्थिर झाले.

४ मे : फ्लॅप आणि बेडचे हायड्रॉलिक

फ्लॅप वर धरून ठेवायला बेडला लावतो तेच हायड्रॉलिक लावू, घरात पडलेच आहेत, असं ठरलं. लावले. फ्लॅप खाली ओढायला दोन माणसं लागली, आणि बंद केल्यावर त्याचा मधला भाग पोट आल्यासारखा बाहेर आला. चौकटीला पीळ पडला.

कारण सरळ आहे. बेडच्या गॅस स्प्रिंगवर ८००, १००० न्यूटन लिहिलेलं असतं, ती गादीसकट प्लाय उचलायला. आमचा फ्लॅप १८ किलोचा, उंची तीन फूट. हिशेब केला तर बिजागरीपासून आम्ही जिथे टेकवतो तिथे दोन्ही मिळून ४०० न्यूटन पुरे. २०० न्यूटनची जोडी मागवली. आता एका हातानं उघडतो, एका हातानं मिटतो. वाकलेली चौकट सरळ करून आतून एक आडवी पट्टी मारून घेतली.

११ मे : आतली मांडणी

आम्ही किचन ट्रॉलीवाले, त्यामुळे आत ड्रॉवर करायचे आणि ते टेलिस्कोपिक चॅनेलवर, यात कुणाला शंकाच नव्हती. सुंदर झाले होते. पाथर्डी फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंत एकदा फिरवून आणले तर दोन ड्रॉवर अर्धे बाहेर, आणि एका चॅनेलच्या बॉल बेअरिंगच्या गोळ्या फरशीवर सांडलेल्या. घरातल्या ड्रॉवरला भार वरून येतो आणि संथ येतो. इथे खड्डा आला की तोच भार उसळून परत आपटतो, चॅनेलच्या पातळ पत्र्याची कड उघडते.

चॅनेल काढून टाकले. प्लायच्याच पट्ट्यांवर सरकणारे खण केले, पट्ट्यांना मेण चोळलं, प्रत्येक खणाला बाहेरून टॉवर बोल्ट. आजोबांच्या काळच्या फडताळाची पद्धत. दिसायला साधे, पण उघडत नाहीत आणि मोडण्यासारखं त्यांत काही नाही. गेलेले चॅनेल जोडीला ५२० रुपयांप्रमाणे, ते वाया.

हार्डवेअरचा नियमही आजच केला. ट्रेलरमध्ये फक्त चालू कामाचा माल, ६० किलोच्या वर नाही. बाकी गोडाऊनला. डब्यांऐवजी त्या त्या घराच्या नावाची क्रेट. सकाळी क्रेट बदलली की झालं.

मांडणीत सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो. फ्लॅप उघडल्यावर कमरेच्या उंचीला जे येतं ते दिवसातून पंचवीसदा लागणारं असावं: ड्रिल, पिन गन, टेप, गुण्या, पेन्सिल, फेविकॉल. टेबल सॉ खाली, कारण ती सकाळी एकदा निघते आणि संध्याकाळी एकदा आत जाते. क्लॅम्प दाराच्या आतल्या बाजूला टांगायचा मोह होतो. टाळा. २० किलोचे क्लॅम्प लटकवले की वरचा सगळा गॅस स्प्रिंगचा हिशेब पुन्हा करावा लागतो.

२४ मे : अवकाळीनं परीक्षा घेतली

जूनच्या पावसाची वाट बघत होतो, मे महिन्यातच झोडपलं. आत पाणी. टेबल सॉच्या बिडाच्या टॉपवर रात्रीत तांबेरा चढला.

सगळ्यांनी छताकडे बोट दाखवलं. छत कोरडं होतं. आतून टॉर्च मारून बाहेरून एकेका भागावर पाइपनं पाणी सोडलं, खालून वर. खालून सुरू करणं महत्त्वाचं, वरून सोडलं की सगळंच भिजतं आणि कळत काही नाही. गळती दोन ठिकाणी. एक, फ्लॅपच्या लांब पियानो बिजागरीच्या सांध्यातून. दुसरी फरशीतून: दिव्यांची वायर जिथून वर आली होती तिथे नुसतं भोक, चाकानं उडवलेलं पाणी थेट आत.

बनवणाऱ्यानं बिजागरीवर सिलिकॉन मारून दिलं होतं. सिलिकॉनला रंग धरत नाही, आणि हलत्या सांध्यावर पातळ थर सोलून निघाला. सगळा खरवडून काढला. बिजागरीच्या वर अ‍ॅल्युमिनियमचा एल अँगल पीयू सीलंटमध्ये बसवला, म्हणजे छतावरचं पाणी बिजागरीवर येण्याआधीच बाहेर पडतं. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांवर छज्जा असतो तो याचसाठी. फ्लॅपच्या कडेला गाडीच्या दाराचं रबर बीडिंग. वायरच्या भोकाला ग्रोमेट आणि खालून प्लेट. सगळं मिळून सहा हजारांच्या घरात.

पाणी बंद झालं तरी दमटपणा राहिला. घट्ट बंद केलेली पेटी पावसाळ्यात आतून घामेजते. खाली पुढच्या बाजूला एक आणि वर मागच्या बाजूला एक अशा दोन झाकणाच्या जाळ्या बसवल्या. सॉच्या टॉपला मेणाचा हात. अजून तांबेरा परत आलेला नाही.

१५ जून : शेपूट हलतं

मुंबई-आग्रा महामार्गावर उड्डाणपुलावरून उतरताना ताशी पंचावन्नच्या आसपास ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागला. चुलतभाऊ चालवत होता. त्यानं ब्रेक न मारता नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडला, डोलणं थांबलं. ब्रेक मारला असता किंवा स्टिअरिंगनं सावरायला गेला असता तर मागचं पुढे आलं असतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ट्रॅक्टर चालवायची सवय कामी आली.

असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कपलरवर भार कमी असणं. मागचं वजन जास्त झालं की पुढचं टोक हलकं होतं आणि ट्रेलर गाडीला मागून हलवतो. भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार कपलरवर हवा. तो घरी मोजता येतो. एक मजबूत फळी घ्या. एका टोकाखाली वीट, तिथून तीन फुटांवर दुसऱ्या टोकाखाली बाथरूमचा वजनकाटा. ट्रेलर सपाट उभा, चाकांना अडसर, आणि कपलर विटेपासून एक फुटावर फळीवर टेकवायचा. काट्यावर येईल त्याची तिप्पट म्हणजे कपलरवरचा भार. फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करा. थेट काट्यावर टेकवला तर घरगुती काट्याची मर्यादा ओलांडायची भीती असते, म्हणून ही फळी.

आमचा काटा नऊच्या जरा वर. म्हणजे २८ किलो. भुईकाट्यावर भरलेला ट्रेलर ७२० आला होता, त्याचे चार टक्केही नाहीत.

जनरेटर अगदी मागे होता, धूर बाहेर जावा आणि पटकन उतरवता यावा म्हणून. हार्डवेअरच्या क्रेटही मागच्या दाराशी. दोन्ही अ‍ॅक्सलच्या पुढे आणले. पुन्हा मोजलं: काट्यावर सव्वीस-सत्तावीस, तिप्पट ८० किलो. अकरा टक्के. त्याच पुलावर त्याच वेगाला ट्रेलर जागचा हलला नाही. जनरेटर आता बाजूच्या फ्लॅपमधून निघतो, उतरवायला दोघं लागतात, ते चालेल. फरशीवर पिवळ्या रंगानं अ‍ॅक्सलची रेघ मारली आणि पोरांना सांगितलं, जड माल रेघेच्या पुढे. वेग पन्नासच्या वर न्यायचा नाही असंही ठरवलं.

६ जुलै : वीज, रिव्हर्स, कुलूप

पंचवटीत वाड्याचं काम. ट्रेलर आत जाणार नाही हे माहीतच होतं, गल्लीच्या तोंडाशी ओळखीच्यांच्या अंगणात उभा केला. तिथून वाड्यापर्यंत तीस मीटर वायर. बाजारातल्या तयार रीलमध्ये १ चौरस मिमीची वायर असते. दहा अँपिअरच्या मशिनला तीस मीटरमध्ये दहा-अकरा व्होल्ट तिथेच जातात, वाड्यातला व्होल्टेज आधीच कमी, सॉ लाकडात अडते. अडीच चौरस मिमीची वायर घेतली, चार-साडेचार व्होल्टवर आलं. रील पूर्ण उलगडूनच वापरायची, गुंडाळलेली वायर भाराखाली तापते. ट्रेलरमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला. पावसाळ्यात ओल्या अंगणात माणसं अनवाणी फिरतात, इथे पैसे वाचवू नयेत. विजेचं सगळं मिळून साडेनऊ हजार.

रिव्हर्सची गोष्ट. सोसायटीच्या रॅम्पवर मागे घेताना ट्रेलर हटेना, क्लच जळाल्याचा वास आला. गाडी मागे ढकलते तेव्हा कपलर दाबला जातो, म्हणजे ओव्हररन ब्रेकला वाटतं पुढची गाडी थांबली, आणि तो चाकं धरतो. आमच्या मॉडेलला रिव्हर्ससाठी खटका आहे, तो उतरून लावावा लागतो. ताबा देताना कुणी दाखवला नव्हता. आपोआप सुटणारी रचना मिळत असेल तर जास्तीचे पैसे देऊन ती घ्या. रॅम्पवर आता आम्ही ट्रेलर सोडवून जॉकी व्हीलवर (पुढच्या छोट्या चाकावर) हातानं फिरवतो, तिघांत आरामात होतं.

रात्री कपलरला कुलूप, एका चाकाला क्लॅम्प, आणि जनरेटर व राउटर घरमालकाच्या खोलीत. कुलपावर सगळा विश्वास ठेवू नये. फ्लॅप भिंतीकडे करून उभा केला तर एक बाजू आपोआप बंद होते.

३ ऑगस्ट : हिशेब आणि उरलेलं काम

ट्रेलर १,३८,०००, हिच १४,५००, आतलं लाकूडकाम वाया गेलेल्या चॅनेलसकट २१,०००, वीज ९,५००, गळती ६,०००. बेरीज १,८९,०००. नोंदणी, कर आणि विमा वेगळा. लाकूडकामाची मजुरी यात नाही, ती आमचीच.

सकाळची चढउतार संपली. साइटवर पोचल्यावर फ्लॅप उघडला की काम सुरू. प्लायसाठी गाडी केव्हाही निघते. पण ट्रेलर येण्याआधी वाटला होता त्याहून जास्त वेळ जागा शोधण्यात जातो, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले असल्यानं पंचवटीकडे तर आदल्या दिवशी जाऊन पाहून यावं लागतं. नव्या गिऱ्हाइकाला कोटेशन देतानाच आता मी पार्किंगचं विचारतो आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची लेखी परवानगी मागतो.

आप्पांनी परवा विचारलं, आता एक फूट लांब हवा होता असं वाटतं का? नाही. लांब असता तर भरला असता.

राहिलेली कामं: गणपतीआधी दोन्ही चाकांची बेअरिंग उघडून ग्रीस करायची. डावं चाक प्रवासानंतर हाताला उजव्यापेक्षा गरम लागतं, बहुतेक ब्रेकची केबल एका बाजूला जास्त ताणलेली आहे, ते आधी बघायचं. मागच्या दोन कोपऱ्यांना टेकू बसवायचे, कारण सोडलेल्या ट्रेलरच्या मागच्या कडेवर कुणी बसलं की पुढचं टोक उचललं जातं. तोवर मागे बसायचं नाही, असं पोरांना सांगून ठेवलंय.